तळ्याखालची फुकट टाकी, बायकांची वेळ आणि दहा रुपयांचं तिकीट

सांडव्याखालची

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबट आहे, सांभाळून घ्या.

मी मालवण तालुक्यातल्या एका गावात राहते. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या पंचायतीत याचीच प्रिंट फिरेल. गावाच्या वरच्या अंगाला पाटबंधारेचं मोठं तळं आहे. सांडव्याच्या खाली, पाटाला लागून, एक सिमेंटची टाकी आहे. टाकी म्हणजे आमचा स्विमिंग पूल! साधारण पंधरा मीटर लांब, आठ मीटर रुंद. पायऱ्यांकडे पाणी मांडीपर्यंत, पलीकडच्या टोकाला माझ्या खांद्याला लागेल एवढं. पाटातून पाइपने पाणी आत येतं, तोंडाला जाळी आहे. पलीकडून बाहेर पडतं ते माडांना आणि वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, जातं. मोटर नाही, विजेचं बिल नाही, उताराने पाणी येतं आणि उताराने जातं. म्हणून आजवर टाकी फुकट आहे. पाट सुटला की पोरांची शाळा पहिली इथे भरते आणि मग शाळेत. पावसाळ्यात पाट बंद, टाकी बंद.

आता माझं. मी डोंबिवलीत वाढलेली. पाणी म्हणजे बादलीतलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा पाटाच्या मोरीवरून जायलासुद्धा घाबरायचे. मुलगी चौथीत आहे, ती माझ्यासमोर पोहायला शिकली. सासऱ्यांनी दोन सुके नारळ सोडणासकट एकमेकांना बांधून तिच्या काखेखाली दिले होते. एक दिवस नारळ एकीकडे तरंगत होते आणि ही बया दुसरीकडे. मी पायरीवर टॉवेल घेऊन बसलेली. त्या दिवसापासून डोक्यात आहे की आपणही शिकायचं. वय अडतीस, हसू नका.

अडचण अशी की टाकीत कायम मुलगे आणि पुरुष. बायका खालच्या बाजूला पाटावर कपडे धुतात आणि तिथूनच बघतात. मी चारचौघींना विचारलं. जाऊ म्हणाल्या सगळ्या, पण कधी आणि काय घालून? एक जण गाऊन घालून उतरली होती, गाऊनमध्ये हवा भरून फुगा झाला आणि मग तोच पायात अडकला. साडीचं तर नावच नको.

मागच्या ग्रामसभेत मी उठून बायकांसाठी वेगळी वेळ मागितली. मागच्या बाकांवर हशा झाला. सरपंच बाई म्हणाल्या, लेखी द्या. त्याच सभेत दुसरा विषय निघाला. तारकर्लीला येणारे पर्यटक हल्ली वाट वाकडी करून टाकीवर येतात, तर टाकी ठेक्याने द्यावी, गावातल्या माणसाला दहा रुपये, बाहेरच्याला पन्नास. आणखी एक जण म्हणाला की केरळात पाण्यातला किडा मेंदूत जाऊन माणसं दगावतात, तेव्हा टाकी बुजवूनच टाका. म्हणजे एका बाजूने तिकीट, दुसऱ्या बाजूने माती.

तर विचारते: कुठल्या गावात बायकांची वेळ ठरली आहे का, आणि टिकली कशी? दहा रुपयांना विरोध करावा की उगाच वाकडेपणा होईल? पाणी साफ ठेवायची पद्धत काय? आणि अडतिसाव्या वर्षी सुरुवात कशी करतात?

पाटावरचा

धामापूर का हो?

सांडव्याखालची

नाही हो. धामापूरचं तळं १५३० सालचं, नागेश देसाईंनी बांधलेलं, काठावर भगवतीचं देऊळ. त्याला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. आमचं तळं पाटबंधारेचं, त्याला मान फक्त पाटकऱ्याचा.

मालवणी मासो

वैनीनू, पैसे लावूक देव नकात. आमच्या वाडीत तसाच झाला. टाकयेक कुलूप लावल्यानी, चावी एकाच्या खिशात, आणि पोरां परत कोंडार, म्हणजे डोहार. कोंडाचो तळ कोणी बघलो हा? धामापूरच्या तळ्यात म्हणे परडी सोडल्यार देवी लग्नाक दागिने देय, ते कोणीतरी परत दिल्यान नाय म्हणान बंद झाला. फुकटचा टिकवचा तर परत देणारी माणसां होयी. टाकी घासूक जावा सगळी मिळान, मग कोण तिकीट मागता तो बघुया.

रिकामा कंडक्टर

ताई, मी एसटीतून निवृत्त. आमच्या गावच्या बंधाऱ्यावर दर उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवतो, त्यामुळे चार गोष्टी सांगतो. आधी तिकिटाबद्दल, कारण तो माझा धंदा होता.

तिकीट फाडणारा माणूस हाताकडे बघतो, तोंडाकडे बघत नाही. गाडीत एखादा चोर, एखादी चक्कर आलेली बाई, चुकीच्या स्टॉपवर उतरणारं पोर, सगळं आम्हाला उशिरा दिसायचं, कारण नजर सुट्ट्या पैशांवर. तुमच्या टाकीवर ठेकेदार बसवला की त्याची नजर गल्ल्यावर राहील. पाण्यात कोण गटांगळ्या खातंय ते त्याला दिसणार नाही. आणि दहा रुपये वर्षाला जमून जमून जमतील किती? त्या माणसाचा पगार निघाला तरी पुष्कळ. म्हणजे गावाने तिकीट लावायचं ते तिकीट फाडणाऱ्याला पोसायला.

दुसरं. तुम्ही म्हणता वाकडेपणा होईल. मला विचाराल तर तिकीट हा हिशेबाचा विषयच नाही. ज्याच्याकडे दहा रुपये नसतील ते पोर घरी बसून अभ्यास करणार आहे का? ते शंभर पावलं वर चढून तळ्यात उतरणार. तळ्याचा बांध बघितलात ना? पाण्याकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग, त्यावर शेवाळ. पाय घसरला की थेट डोक्यावर पाणी, धरायला काही नाही. गेटाच्या विहिरीजवळ पाणी आत ओढतं. कडेला गाळ, त्यात पाय रुतला की उपटताना दुसराही जातो. वरचं पाणी कोमट आणि दोन हात खाली बर्फ, त्याने दम लागतो. टाकीला तळ आहे, तो दिसतो, उभं राहिलं की डोकं वर राहतं. मोठ्या तळ्याशेजारी टाकी बांधण्याचं कारणच हे. ग्रामसभेत एवढंच बोला: दहा रुपये लावायचे तर आधी तळ्याला कंपाउंड घाला.

आता शिकण्याचं. हातपाय मारायचं पहिल्या दिवशी नावही काढू नका. मांडीभर पाण्यात पायरी धरून बसा, तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडा. वर या, श्वास घ्या, परत. हे कंटाळा येईपर्यंत. मोठ्या माणसाची भीती पाण्याची नसते, श्वास कोंडण्याची असते. मग उताणं व्हायचं. एका बाईने तुमच्या मानेखाली तळहात धरायचा, नुसता टेकवायचा, उचलायचं नाही. कान पाण्यात गेले पाहिजेत. तिथे सगळ्या बायका मान वर काढतात, केस भिजतील म्हणून! मान वर काढली की ढुंगण खाली जातं आणि माणूस बसतो. कान भिजू द्या, पोट आभाळाकडे करा, पाणी तुम्हाला धरतं. उताणं पडता आलं की जीव वाचवण्यापुरतं पोहणं आलं, बाकी सगळी हौस.

डबा बांधणार असाल तर तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिक कॅन घ्या, झाकण घट्ट, पाठीवर ओढणीने बांधायचा. आता माझी एक लबाडी सांगतो. दर दोनचार दिवसांनी त्या कॅनमध्ये शिकणाऱ्याच्या नकळत तांब्याभर पाणी घालायचं. कॅनचा उचल तेवढा कमी होतो. त्याला वाटतं डबा धरतोय, आणि धरत असतो तो स्वतः. अर्ध्याहून जास्त कॅन भरला की काढून टाकायचा आणि मग त्याला दाखवायचा. चेहरा बघण्यासारखा असतो.

सुक्या नारळांची जोडी मुलांना बरी. मोठ्यांना नको, छाती उचलते आणि पाय लोंबतात.

कपडे: लेगिंग आणि अंगाला बसणारा टी-शर्ट, ओढणी नाही. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी.

कोकण किनारा

फुकट म्हटलं की लोकांना किंमत राहत नाही, हे सत्य आहे. पर्यटक येऊन वेफरची पाकिटं टाकून जातात ते कोण उचलणार? पन्नास रुपये घेतले तर बिघडलं कुठे?

रिकामा कंडक्टर

पंचाहत्तरीच्या वरच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. म्हातारी माणसं म्हणून गाडीत हुंदडायला बसत नाहीत हो, दवाखान्यात जातात, लेकीकडे जातात. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यांनीही सीट फाडल्या नाहीत. किंमत राहत नाही हे फुकट देणाऱ्याला वाटतं.

पर्यटकांचं म्हणाल तर गाड्यांकडून घ्या. रस्त्यावर पार्किंगची पावती फाडा, पोहणाऱ्याची नको. गाडी घेऊन आलेला माणूस वीस-तीस रुपयांना मागे फिरत नाही आणि गावचं पोर चालत येतं. कचऱ्याला त्यातून माणूस लावा.

उपकेंद्रातली

मी आरोग्यसेविका आहे, तुमच्याच जिल्ह्यात. पाण्याचं मी बोलते.

केरळची बातमी खोटी नाही. २०२४ मध्ये तिथे तळ्यांत, साचलेल्या पाण्यात पोहलेल्यांना मेंदूज्वर झाला, काही दगावले. तो अमीबा आहे. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात, तळाच्या गाळात असतो. पाणी प्यायल्याने होत नाही, नाकातून जोरात पाणी वर गेलं तर होतो. आजार फार क्वचित होतो, पण झाला की वाचणं कठीण, म्हणून भीती जास्त. यावर टाकी बुजवणं हा उपाय कसा? बुजवली की पोरं गाळाच्याच पाण्यात जाणार. सिमेंटचा घासलेला तळ आणि क्लोरीन हाच बचाव. पोरांना नाक धरून उडी मारायला सांगा, तळाचा गाळ ढवळायचा खेळ बंद करा.

आता क्लोरीन. बहुतेक गावं इथेच फसतात. वाहत्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली तर ती माडांना जाते, टाकीत राहत नाही. रात्री आत येणाऱ्या पाइपला बूच मारा, बाहेरचाही बंद करा, मग टाका. पिण्याच्या पाण्याला आपण हजार लिटरला पाच ग्रॅम धरतो. तुमच्या मापाची टाकी, खोली सरासरी एक मीटर दहा सेंटिमीटर धरली तर एक लाख बत्तीस हजार लिटर. म्हणजे साडेसहाशे ग्रॅमच्या थोडं वर. पावडर सरळ भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडाच्या नको. अर्धा तास ठेवा, चुना खाली बसतो, वरची निवळ तेवढी टाकीत चारी बाजूंनी ओता. चुन्याचा गाळ ओतलात तर पोरांचे डोळे लाल होतात आणि सगळे म्हणतात क्लोरीन वाईट. संध्याकाळीच टाकायची, उन्हात क्लोरीन उडतं.

सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायचं. पिण्याच्या पाण्यात फिकट पिवळा रंग आला की आपण खूश होतो, तिथे ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतं. पोहायच्या पाण्यात निदान १ हवं, म्हणजे रंग चांगला ठळक पिवळा. जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या पंचायतीच्या माणसाला दाखवा, त्याला कळतं. पोरं दिवसभर पोहली की क्लोरीन संपतं, म्हणून एकदा टाकून आठवडा काढायचा असं चालत नाही. आणि सोडायच्या आधी एक रात्र तरी पाणी उघडं राहू द्या, मग शेतात गेलं तरी हरकत नाही.

जुलाब लागलेल्याने, अंगावर उघडी जखम असलेल्याने उतरू नये. पावसाळ्यात कोणीच नको. उंदीर आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) जंतू पाण्यात येतो, पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. आपल्याकडे दरवर्षी भातलावणीला त्याच्याच गोळ्या वाटत फिरतो आम्ही.

अजून एक. कोणी बुडालं तर पाठोपाठ उडी मारू नका, बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठावर लांब बांबू आणि दोरी कायम हवी, कपडे वाळत घालायला ती वापरायची नाही! बाहेर काढलेल्याला उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं बंद. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा.

कुडाळ ते टोरांटो

मूळचा कुडाळचा, आता कॅनडात. टाकी आणि तळं वाचून राहवलं नाही.

इथे गावाला लागून ऑन्टॅरिओ सरोवर आहे, एकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, पलीकडचा काठ दिसत नाही. बघून वाटतं यांना पूल कशाला? पण त्याच सरोवराच्या काठावर, वाळूला लागून, सनीसाइड नावाचा पोहण्याचा तलाव १९२५ मध्ये बांधला. कारण सरळ होतं, सरोवराचं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार की लोकांना उतरवेना. लोक त्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचे, म्हणजे टाकीच की! सुरुवातीला तिकीट होतं. आज शहराचे उघडे पूल फुकट आहेत, हाही. मी पोरीला घेऊन जातो, कोणी नाव विचारत नाही.

त्या तलावाला गस रायडर नावाच्या प्रशिक्षकाचं नाव दिलंय. त्यांची शिष्या मेरिलिन बेल १९५४ मध्ये, सोळा वर्षांची असताना, हे अख्खं सरोवर पोहून गेली, जवळपास एकवीस तास पाण्यात होती.

आणि कंडक्टर काकांसाठी: विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात इथे उन्हाळ्यात मुलांना पोहायला नेण्यासाठी फुकट ट्रॅम सोडायचे. पोहणंही सोडा, जायचं तिकीटसुद्धा नव्हतं.

रिकामा कंडक्टर

फुकट ट्रॅम भरून ओली पोरं! परतीच्या फेरीत त्या कंडक्टरच्या सीट कोण पुसत असेल देव जाणे. पण बेत झकास. मेरिलिन बाईंचं आमच्या मुलींना सांगेन. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात, तिथे एकदा घेऊन जा ताई. लहान मुलींना लाटांत शिरताना बघितलं की ग्रामसभेतला हशा विसरायला होतं.

सांडव्याखालची

सगळ्यांचे आभार. अर्ज लिहायला घेतलाय. असा:

‘मा. सरपंच यांस, विषय: सार्वजनिक पोहण्याच्या टाकीत महिलांसाठी राखीव वेळ मिळणेबाबत. महोदया, आपल्या गावातील टाकीचा वापर महिलांना करता यावा यासाठी दररोज सायंकाळी एक तास राखीव ठेवावा, तसेच टाकी पूर्वीप्रमाणे विनामूल्य ठेवावी, ही नम्र विनंती.’

खाली तेवीस सह्या झाल्यात. त्यांत कपडे धुणाऱ्या सगळ्या आहेत आणि एक सासूबाईंची! त्या म्हणाल्या, मी नाय उतरूचंय, पण सही करतंय. बरोबर आहे का मसुदा?

रिकामा कंडक्टर

सायंकाळी नको. सायंकाळी पोरं शाळेतून सुटतात, त्यांना हाकलावं लागेल आणि पहिल्याच आठवड्यात भांडण. बायकांना सायंकाळी वेळ तरी असतो का? चूल, दिवाबत्ती, गाईचं दूध. दुपारचं जेवण आवरल्यावर साडेतीन ते पाच मागा, शाळेच्या दिवशी. त्या वेळी टाकी तशीही रिकामी असते, कोणाचं काही काढून घेतलं असं वाटणार नाही. आणि शनिवार-रविवार मागूच नका, तेवढं पुरुषांना द्या, सही करायला तेही तयार होतील.

दुसरं, ‘नम्र विनंती’ राहू दे, पण त्याखाली ‘याबाबत ठराव व्हावा’ हे लिहा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, नियमच आहे. तिथे विषय मांडा. तिथे मागचे बाक नसतात. महिला सभेत ठराव झाला की तो ग्रामसभेपुढे जातो, मग हसायचं असेल तर ठरावावर हसा म्हणावं. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का आणि जावक-आवक नंबर घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून बाहेर पडू नका.

तिकिटाचा आणि वेळेचा अर्ज वेगळा करा. एकात घातलेत तर एक नामंजूर करताना दुसराही बाजूला ठेवतील.

सांडव्याखालची

दोन अर्ज, साडेतीन ते पाच. पटलं. वेळेचा आधी देते. टीसीएल कोण टाकणार विचारतील, तर जलसुरक्षकाशी बोलून ठेवलंय, तो तयार आहे, पण म्हणतो ओटीचं औषध जुनं झालंय, रंगच येत नाही.

उपकेंद्रातली

जुन्या औषधाला रंग येत नाही, बरोबर. आणि टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं असेल तर तीही मेलेली असणार, वास घेऊन बघा, झणका नसेल तर कितीही टाका, उपयोग नाही. बाटली घेऊन त्याला तुमच्या उपकेंद्रात पाठवा, नवी मिळेल. फक्त लसीकरणाच्या दिवशी नको, त्या दिवशी आम्हाला मान वर करायला फुरसत नसते.